मारुती 800 झटके मारते तेव्हा: कार्ब्युरेटर सगळ्यात शेवटी

मंडळी, आज फक्त कार्ब्युरेटरवाल्या (कार्ब्युरेटर म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळून इंजिनाला देणारा भाग) मारुती 800 बद्दल बोलू. डिसेंबर 1983 मध्ये ही गाडी रस्त्यावर आली आणि जानेवारी 2014 मध्ये तिचं उत्पादन थांबलं. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाड्या हौसेनं सांभाळणारे आजही आहेत, आणि त्यांची एक तक्रार ठरलेली: अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी झटके मारते. इंजिन 796 सीसीचं, सिलिंडर तीनच. चार सिलिंडरच्या गाडीत एक सिलिंडर रुसला तरी ती रडतखडत ओढते. इथे एक गेला की तिसरा हिस्सा ताकद गेली. म्हणून बारीकसा दोषही गाडीभर हादरतो.

या तक्रारीवर पहिलं उत्तर बहुधा 'कार्ब्युरेटर खोलावा लागेल' असं मिळतं. खोलतात, धुतात, नवं किट टाकतात, आणि चार दिवसांनी गाडी पुन्हा दारात. स्पार्क तपासल्याशिवाय कार्ब्युरेटरच्या स्क्रूला हात लावू नका. आणि त्याच्याही आधी मालकाला विचारा, झटका नेमका कधी बसतो?

टॉप गिअरमध्ये, कमी वेगात, चढावर पाय दाबला की धडधड होते आणि पाय सैल केला की थांबते, असं असेल तर संशय स्पार्कवर. आयडलिंगला थ्रॉटल (इंजिनात जाणाऱ्या हवेची झडप) जवळजवळ बंद असतो, सिलिंडरमध्ये हवा थोडी, दाब कमी, त्यामुळे अशक्त ठिणगीही उडी मारते. थ्रॉटल उघडला की हवा भरते, दाब वाढतो आणि प्लगच्या टोकांमधलं तेवढंच अंतर ओलांडायला जास्त व्होल्टेज लागतं. ते मिळालं नाही तर ठिणगी वायरच्या चिरेतून किंवा डिस्ट्रिब्युटरच्या कॅपमधल्या तड्यातून बॉडीला पळते. गाडीला गॅसचं किट असेल तर निदान आणखी सोपं: पेट्रोलवर ठीक आणि सीएनजीवर झटके, म्हणजे आधी प्लग आणि वायरी बघा. सीएनजीला ठिणगी जास्त जोरकस लागते.

प्लग काढा, तिन्ही शेजारी शेजारी ठेवा. दुधाळ कॉफीसारखा तपकिरी रंग ठीक. पांढराफटक म्हणजे पेट्रोल कमी, कोरडी काजळी म्हणजे जास्त, तेलकट ओला म्हणजे ऑइल वर येतंय. फिलर गेजनं गॅप 0.7 ते 0.8 मिलिमीटर ठेवा. मग हाय टेन्शन वायरी, म्हणजे प्लगला ठिणगीची वीज नेणाऱ्या जाड वायरी, मल्टिमीटरवर मोजा. मीटरभर लांबीला 10 ते 20 किलोओम ही साधारण मर्यादा. पण आकड्यापेक्षा तुलना जास्त बोलते: एक वायर बाकीच्यांपेक्षा फारच वेगळी निघाली तर तीच चोर. रात्री, दिवे बंद करून बॉनेट उघडा, इंजिन चालू ठेवा आणि वायरींवर बाटलीनं पाण्याचा अगदी बारीक फवारा मारा. निळ्या ठिणग्या जिथे नाचतील तिथे गळती. हात आणि बाही फॅनपासून व बेल्टपासून लांब. पावसाळ्यात सकाळी कुरकुरणाऱ्या आणि दुपारी शहाण्यासारख्या चालणाऱ्या गाडीचं गुपित बहुतेक वेळा इथंच सापडतं.

आता डिस्ट्रिब्युटर, म्हणजे ठिणगीची वीज पाळीपाळीनं प्रत्येक प्लगला वाटणारा भाग, आपल्या मिस्त्रींच्या भाषेत डेल्को. कॅपच्या आत पेन्सिलीनं ओढल्यासारखी काळी रेघ दिसली तर ती कार्बनची वाट आहे. घासून जात नाही, कॅप बदला. सीबी पॉइंटची (कॉइलची वीज जोडणारे-तोडणारे संपर्क) गाडी असेल तर पॉइंटचा गॅप 0.4 ते 0.5 मिलिमीटर. पॉइंट निळे पडून जळत असतील तर कंडेन्सरही बदला. आणि एक जागा हमखास सुटते. डेल्कोच्या आत पॉइंटकडे जाणारी एक मऊ वायर असते. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीनं ठिणगीची वेळ पुढे नेणारी) प्लेट हलली की ती वायरही वाकते. वर्षानुवर्षं वाकून आतली तार तुटते, वरचं आवरण मात्र धड. अशी गाडी आयडलिंगला छान, पूर्ण दाबल्यावरही छान, पण हलक्या पायानं एका वेगात चालवताना उचक्या देते. कारण हलक्या पायावर व्हॅक्यूम प्लेट ओढतो आणि तारेची टोकं सुटतात. तपासायला व्हॅक्यूमची नळी काढून तिचं इंजिनाकडचं टोक बंद करा आणि गाडी फिरवा. उचक्या गेल्या तर एक तर ही वायर, नाही तर सैल झालेली प्लेट. ही प्लेट ओढणारा पडदा, म्हणजे डायफ्रॅम, बघायचा तर डेल्कोच्या बाजूनं नळी तोंडानं ओढा आणि जीभ लावून धरा: प्लेट सरकली पाहिजे आणि सरकलेलीच राहिली पाहिजे.

पेट्रोलचा झटका वेगळा असतो. तो उशिरा येतो. घाट चढताना गाडी आधी नीट ओढते, मग ढिली पडते, दोन-चार गचके देते, पाय काढून क्षणभर थांबलं की पुन्हा चालते. म्हणजे कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल संपतंय आणि मागून भरत नाही. तेव्हा टाकीचं झाकण उघडा. फुस्स करून हवा आत गेली आणि गाडी सुधारली तर झाकणाचं भोक बुजलंय, खर्च शून्य. नाही तर फिल्टर, मग एसी पंप (टाकीतून पेट्रोल ओढणारा इंजिनावरचा पंप, पेट्रोल भरण्याचा पंप नव्हे). कार्ब्युरेटरकडची नळी काढून बाटलीत सोडा, कॉइलकडून डेल्कोला जाणारी जाड वायर डेल्कोकडून काढून अर्थ करा (बॉडीला टेकवा) आणि दहा सेकंद स्टार्टर मारा. पेट्रोल जोरात, ठोक्याठोक्यानं आलं पाहिजे. बुडबुडे येत असतील तर टाकीकडची एखादी नळी चिरली आहे.

आता तिसरा झटका. पाय टेकवला त्याच क्षणी गाडी अर्धा सेकंद 'गप' होते आणि मग सुसाट निघते. हा एकच झटका खऱ्या अर्थानं कार्ब्युरेटरचा. थ्रॉटल उघडताच हवा लगेच धावते, पेट्रोल मागे राहतं. ती तूट भरायला अ‍ॅक्सिलरेटर पंप असतो. इंजिन बंद करा, एअर फिल्टर काढा, टॉर्च लावून घशात बघा आणि थ्रॉटलची दांडी हातानं फिरवा. हललेल्या क्षणी बारीक, सरळ धार उडाली पाहिजे. थेंब ठिबकले किंवा धार उशिरा आली तर पंपाचं रबर कडक झालंय, छोटी गोळी अडकलीय, नाही तर नोझल बुजलंय. धार उत्तम असूनही गाडी गप होत असेल तर कार्ब्युरेटरखालच्या गॅस्केटवर पाण्याचा फवारा मारा. आयडलिंगचा आवाज बदलला म्हणजे तिथून हवा शिरतेय.

आता ई20, म्हणजे 20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलबद्दल, कारण हा प्रश्न हमखास येतो. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो. म्हणून शुद्ध पेट्रोलला एका भागाला 14.7 भाग हवा लागते, तर ई20 ला साधारण 13.5. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून पेट्रोल वाढवतो. कार्ब्युरेटरची जेट (पेट्रोल सोडणारं ठरावीक मापाचं भोक) मात्र आहे तेवढंच सोडते. मिश्रण सुमारे आठ टक्के पातळ होतं, आणि आधीच काठावर असलेला दोष उघडा पडतो. शिवाय इथेनॉल टाकीतला जुना गाळ सोडवतं, फिल्टर पटकन तुंबतो, आणि जुन्या रबरी नळ्या फुगून मऊ पडतात. म्हणून नळ्या इथेनॉल चालणाऱ्या घ्या. मेन जेट मोठी करायची घाई नको. स्पार्क, फिल्टर, पंप, गळती सगळं ठीक असूनही प्लग पांढरेच येत असतील तेव्हाच एक नंबर मोठी.

झटका फक्त पहिल्या गिअरमध्ये निघतानाच असेल तर यातलं काहीच तपासू नका. क्लच प्लेटवर तेल आलंय, किंवा इंजिनाचं फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते रबर) बसलंय. आणि दुरुस्तीनंतर चाचणी त्याच चढावर, त्याच गिअरमध्ये, इंजिन तेवढंच तापल्यावर घ्या. गॅरेजभोवती सपाट रस्त्यावर फेरी मारली तर बिघडलेली गाडीही पास होते.