फ्लशचं पाणी थांबत नाही? पाना बाजूला ठेवा, आधी झाकण उघडा

नमस्कार मंडळी!

फ्लश बिघडला की घरात दोनच तक्रारी ऐकू येतात. पहिली, "पाणी थांबतच नाहीये." दुसरी, "पाणी जोरात येतच नाहीये." आणि दोन्हींवर लोकांचा उपाय एकच, बटण धाडधाड दाबत बसायचं. त्यानं दुरुस्त काहीच होत नाही, झालंच तर बटण मोडतं. आज आपण टाकी उघडणार आहोत, आतलं काय बिघडलंय ते ओळखणार आहोत आणि त्यातलं जे घरी जमण्यासारखं आहे ते करणार आहोत. बरंचसं जमतं.

सुरू करण्याआधी एक सांगतो. किळस वाटते म्हणून पुष्कळ जण या टाकीला हात लावत नाहीत. अहो, टाकीतलं पाणी म्हणजे नळाला येतं तेच पाणी. ते अजून भांड्यात उतरलेलंच नाही. तळाशी थोडा गाळ असेल, बाजू बुळबुळीत लागतील, बास. बाह्या वर करा.

[टाकीकडे वळून]

झाकण. दांडीचा फ्लश असेल तर झाकण नुसतं उचललं की निघतं. वर बटण असेल तर मात्र ओढाताण करू नका, कारण झाकण बहुतेक वेळा बटणामुळेच अडकलेलं असतं. बटणाभोवतीची कडी डावीकडे फिरवून बघा, बऱ्याच टाक्यांत ती सुटते. काहींत छोटं बटण पूर्ण दाबून धरलं की मोठं बटण किंचित वर येतं आणि खाली एक स्क्रू दिसतो. झाकण चिनी मातीचं असेल तर ते कमोडच्या कडेवर टेकवून ठेवू नका. जमिनीवर टॉवेल अंथरा आणि त्यावर आडवं ठेवा. आतले भाग कुठेही मिळतात, नेमकं तेच झाकण मिळवताना नाकीनऊ येतात.

[कॅमेरा टाकीच्या आत]

आत बघा. दोन यंत्रणा आहेत. ही बाजूची पाणी आत घेते, हिला फिल व्हॉल्व्ह म्हणतात, जुने लोक बॉल कॉक म्हणतात. हिच्यावर फ्लोट असतो. पाणी चढलं की फ्लोट चढतो आणि पाणी बंद करतो. मधली यंत्रणा पाणी खाली सोडते, हा फ्लश व्हॉल्व्ह. याच्या बुडाशी एक रबरी सील असतं. आणि ही उभी, वरून उघडी नळी म्हणजे ओव्हरफ्लो. पाणी प्रमाणाबाहेर चढलं तर ते फरशीवर न सांडता या नळीतून भांड्यात जावं, एवढ्यासाठी ती असते.

आता नीट ऐका, कारण सगळं निदान यावरच आहे. भांड्यात सतत पाणी वाहतंय ना? मग फक्त बघा, टाकीतलं पाणी कुठपर्यंत आहे. ओव्हरफ्लोच्या तोंडापर्यंत पोचून आत उतरताना दिसतंय? दोष फिल व्हॉल्व्हचा, त्याला थांबताच येत नाहीये. पाणी नळीच्या तोंडाच्या बरंच खाली आहे आणि तरीही भांड्यात धार आहे? दोष खालच्या सीलचा. हे न बघता दुकानात जाऊन अख्खा सेट विकत आणणारे खूप आहेत. निम्म्या वेळा चांगला चाललेला भाग काढून फेकला जातो.

कधी कधी धार दिसतही नाही. पण रात्री सगळं शांत झालं की टाकी आपोआप भरल्याचा आवाज येतो, कोणी फ्लश केलेला नसताना. हा सीलमधून होणारा बारीक पाझर. पाणी हळूहळू उतरतं, फ्लोट खाली येतो, व्हॉल्व्ह उघडतो, टाकी भरते, पुन्हा तेच. खात्री करायची असेल तर टाकीत खाण्याच्या रंगाचे चार-पाच थेंब टाका आणि १५-२० मिनिटं फ्लश करू नका. भांड्यातल्या पाण्यात रंग उतरला की सील गळतंय.

आणि बारीक पाझर म्हणून सोडून देऊ नका. मिनिटाला फक्त १०० मिलिलिटर गेलं असं धरा, म्हणजे अर्धा पेला. दिवसाला ते १४४ लिटर होतं. एका मोठ्या फ्लशला ६ लिटर लागत असतील, तर चोवीस वेळा फ्लश केल्याइतकं पाणी रोज, कोणी आत न जाता.

तर सीलपासूनच सुरुवात करू, कारण सगळ्यात जास्त वेळा हेच असतं.

टाकीखालचा अँगल कॉक उजवीकडे फिरवून बंद करा. वर्षानुवर्षं न फिरवलेला कॉक घट्ट बसलेला असतो. पक्कड लावून जोर करू नका, तो मोडला तर फ्लशचं काम बाजूला राहील आणि पाण्याचा फवारा आवरत बसाल. अशा वेळी सरळ घराचा मुख्य व्हॉल्व्ह बंद करा. मग फ्लश करून टाकी रिकामी करा. तळाशी उरलेलं पाणी स्पंजने टिपून घ्या.

बटणाच्या टाकीतला हा मधला व्हॉल्व्ह बहुतेक वेळा बुडाशी खाचांमध्ये अडकवलेला असतो. दोन्ही हातांनी धरा, डावीकडे पाव फेरा द्या, खट्‌ असं जाणवेल. आता सरळ वर उचला.

[व्हॉल्व्ह उलटा धरून, कॅमेऱ्याच्या अगदी जवळ]

हे बघा. ही बुडाची रबरी चकती, हेच सील. हा पांढरा थर दिसतोय? हे पाण्यातले क्षार. नख लावलं की पापुद्रा निघतो. आणि इथे, कडेला, वाळूचा एकच कण रुतलाय. एवढासा कण, पण तो जिथे बसलाय तिथे रबर टेकत नाही आणि पाण्याला तेवढी फट पुरते. आता बोट गोल फिरवा. रबर मऊ आणि सपाट लागायला हवं. एखादी खोल चरी लागली, किंवा कडेला लाट आल्यासारखं वाटलं, तर ते थकलंय. बोटाला काळं लागलं तर विचारच करू नका, रबर विरघळायला लागलंय, बदला.

नुसते क्षार असतील तर सील काढून अर्धा तास व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा आणि फडक्याने पुसा. सुरीने खरवडू नका. टाकीच्या तळाशी हे सील ज्या गोल कडेवर बसतं, तिच्यावरूनही बोट फिरवा. हे लोक हमखास विसरतात. नवीन सील बसवलं तरी गळती तशीच, कारण खालच्या कडेवरचा खडबडीत थर तसाच राहिलेला असतो. सपाट चकती असेल तर ती उलटी करून बसवता येते, चरी नसलेली बाजू खाली येते आणि नवीन सील मिळेपर्यंत काम भागतं. नवीन आणायला जाताना जुनं सोबत घेऊन जा. व्यास आणि जाडी दोन्ही जुळायला हवं, अंदाजाने आणलेलं सील बहुधा परत करावं लागतं.

घट्ट बसावं म्हणून सीलला व्हॅसलीन लावणारेही भेटतात. नको. पेट्रोलियमपासून बनलेल्या अशा मलमांनी पुष्कळ प्रकारचं रबर फुगतं. लावायचंच असेल तर सिलिकॉन ग्रीस.

दांडीच्या फ्लशला चकतीऐवजी बिजागरीवर उघडणारी रबरी झडप असते आणि तिला साखळी. साखळी फार ताणलेली असेल तर झडप पूर्ण मिटत नाही. फार सैल असेल तर साखळीच झडपेखाली सापडते, किंवा दांडी दाबूनही झडप पुरती उचलली जात नाही. साधारण एक सेंटिमीटर ढील ठेवा. काही वेळा अख्खी दुरुस्ती म्हणजे साखळीची एक कडी पुढे-मागे करणं, एवढीच असते.

आता एक गमतीशीर प्रकार. झाकण काढलं की गळती बंद, झाकण ठेवलं की परत सुरू! सील बदलून झालं, टाकी स्वच्छ झाली, तरी हेच. तेव्हा बटणाखालच्या दांड्या बघा. त्या गरजेपेक्षा लांब झाल्या असतील तर झाकण बसवताच त्या व्हॉल्व्हला सतत किंचित दाबून धरतात. बटणाला कोणी हात लावलेला नसतो, पण व्हॉल्व्हच्या दृष्टीने ते दाबलेलंच असतं. दांड्यांना आटे असतात, फिरवून थोड्या आखूड करा. याउलट बटण पार आत जातं आणि फ्लश होत नाही, म्हणजे दांड्या आखूड पडताहेत.

[फिल व्हॉल्व्हकडे बोट दाखवून]

ओव्हरफ्लोतून पाणी जातंय, त्यांच्यासाठी. टाकी भरत असताना फ्लोट हाताने हलकेच वर उचला. पाणी थांबलं? व्हॉल्व्ह चांगला आहे, फक्त फ्लोटची उंची चुकलीय. बाजूचा स्क्रू किंवा क्लिप असेल ती फिरवून फ्लोट खाली घ्या. जुन्या पद्धतीचा, लांब पितळी दांडीवरचा गोळा असेल तर दांडी दोन्ही हातांनी धरून किंचित खाली वाकवा. पाणी ओव्हरफ्लोच्या तोंडाच्या दोन-अडीच सेंटिमीटर खाली थांबायला हवं. गोळा काढून कानाशी हलवूनही बघा. आत पाणी डुचमळलं तर गोळ्याला चीर आहे, तो तरंगणारच नाही, नवीन घ्या. आणि फ्लोट टाकीच्या भिंतीला घासून अडकत तर नाहीये ना, तेही बघून घ्या. मला यंत्र उघडण्याआधी असली साधी कारणं संपवायला आवडतात.

फ्लोट वर धरूनही पाणी चालूच? मग व्हॉल्व्हच्या डोक्यातल्या रबरी पडद्याखाली कचरा अडकलाय. इमारतीची टाकी धुतली किंवा पाइपलाइनचं काम झालं की दोन-तीन दिवसांत हा त्रास निघतो, कारण ढवळलेली वाळू इथे येऊन बसते. अँगल कॉक बंद करा. व्हॉल्व्हचं टोपण थोडं फिरवून काढा, पडदा कसा बसलाय त्याचा मोबाईलवर फोटो काढा आणि तो धुऊन घ्या. मग उघड्या व्हॉल्व्हवर एक पेला उपडा धरा आणि कॉक क्षणभर उघडून बंद करा. आतला कचरा धारेबरोबर बाहेर येतो, आणि पेला नसेल तर ती धार थेट छताला जाते.

टाकी भरायला फार वेळ लागत असेल तर याच व्हॉल्व्हच्या खालच्या टोकाला, जिथे पाइप जोडतात तिथे, बारीक जाळी असते. ती धुवा.

आता दुसरी तक्रार, फ्लशला जोर नाही. टाकी पूर्ण भरत असेल आणि तरीही जोर नसेल, तर दोष टाकीत आहे की भांड्यात, हे आधी ठरवायचं. एक बादली पाणी घ्या आणि भांड्यात एका झटक्यात ओता. झकास गेलं? भांडं मोकळं आहे, दोष टाकीकडून येणाऱ्या पाण्यात आहे. मग फ्लश व्हॉल्व्ह अर्धवट उघडतोय का ते बघा, आणि भांड्याच्या कडेखालची भोकं क्षारांनी बुजलीत का, ते आरसा धरून बघा. बादलीचं पाणीही वर चढून रेंगाळत गेलं, तर भांड्यापुढच्या वळणात काहीतरी अडकलंय, आणि टाकीत कितीही हात घातला तरी उपयोग नाही.

हे वळण फार हुशारीचं आहे बरं का. त्यात कायम थोडं पाणी साचून राहतं आणि गटाराचा वास घरात येत नाही. फ्लशच्या शौचालयात अशा वळणाचं पेटंट १७७५ मध्ये अलेक्झांडर कमिंग याने घेतलं, आणि गडी पेशाने होता घड्याळजी.

टाकीत काय टाकू नये, तेही सांगतो. ब्लीचच्या वड्या टाकू नका, त्यांनी रबर लवकर खराब होतं. पाणी वाचावं म्हणून वीट टाकायची एक जुनी युक्ती आहे. वीट भिजून झिजते आणि तिचे कण नेमके सीलखाली जाऊन बसतात, पाणी वाचवता वाचवता गळती पदरात पडते. आणि भांड्यासाठी ॲसिड वापरत असाल तर त्याच वेळी ब्लीच अजिबात नको. दोन्ही एकत्र आले की क्लोरीन वायू तयार होतो, आणि ती खोली लहान असते.

भिंतीच्या आत बसवलेली टाकी असेल तर यंत्रणा साधारण हीच, फक्त सगळं बटणाच्या पट्टीमागच्या खिडकीतून काढावं लागतं. त्या आतल्या टाकीलाच तडा असेल, किंवा भिंतीला ओल दिसत असेल, तर प्लंबरला बोलवा. चिनी मातीच्या टाकीला तडा असेल तरीही ती चिकटवायच्या भानगडीत पडू नका, बदला.

[नट हाताने आवळत]

सगळं परत बसवताना प्लास्टिकचे नट आधी हाताने घट्ट करा आणि पान्याने फार तर पाव फेरा. जास्त आवळलं की गळती थांबत नाही, नटच चिरतो. जिथे जोडणीत रबरी वॉशर आहे तिथे टेफ्लॉन टेपची गरज नसते, तिथे पाणी वॉशर अडवतो. अँगल कॉक हळूहळू उघडा, टाकी भरू द्या, दोन-तीनदा फ्लश करा. मग कोरडा टिश्यू पेपर घेऊन प्रत्येक जोडाखालून फिरवा, डोळ्यांना न दिसणारा थेंब कागदावर लगेच उमटतो. कागद कोरडा निघाला की झाकण ठेवा, बटण बसवा आणि हात साबणाने धुऊन घ्या.