ताकाहाशींचा जमाखर्च

नमस्कार श्रोतेहो.

खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ सालचा. लष्करी खर्चातून बाजारात पैसा कसा खेळतो हे पुण्यात कोणाला समजावून सांगायला नको. कारखान्याचा पगार झाला की दुकानं भरतात, भोसरीतल्या लेथवर दुसरी पाळी लागते. प्रश्न त्याच्या पुढचा आहे. हा खर्च एकदा वाढवला की कमी कोणी करायचा, आणि कसा?

याचं उत्तर शोधायला जपानला जाऊ. ताकाहाशी कोरेकियो हे नाव लक्षात ठेवा. जन्म १८५४चा. पोरवयात अमेरिकेत शिकायला गेले आणि नीट न समजता सही केलेल्या एका कागदापायी वेठबिगारीत अडकले. तोच मुलगा पुढे रशियाशी झालेल्या युद्धासाठी १९०४ मध्ये लंडनच्या बाजारात कर्ज उभं करतो, पंतप्रधान होतो, आणि डिसेंबर १९३१ मध्ये, सत्त्याहत्तराव्या वर्षी, पुन्हा अर्थमंत्री होतो. तेव्हा जगभर मंदी होती. अमेरिकेची रेशमाची मागणी घटली आणि जपानची खेडी कोलमडली.

ताकाहाशींनी पहिल्याच दिवशी येनचा सोन्याशी असलेला संबंध तोडला. शंभर येनला पन्नासेक डॉलर मिळायचे, ते वर्षभरात वीसच्या आसपास आले. जपानी कापड परदेशात स्वस्त झालं आणि भराभर खपू लागलं. मग व्याजदर उतरवले. आणि मग त्यांची खरी करामत. सरकारचे कर्जरोखे थेट बँक ऑफ जपानने घ्यायचे. सरकारच्या हातात लगेच रोकड. ती खेड्यांतले रस्ते, पाटबंधारे आणि चीनच्या ईशान्येकडच्या मांचुरियातलं सैन्य यांवर खर्च झाली. कंत्राटदारांकडून, मजुरांकडून हा पैसा फिरत फिरत व्यापारी बँकांत जमा झाला की बँक ऑफ जपान तेच रोखे या बँकांना विकायची आणि नोटा परत ओढून घ्यायची. क्रम ऐका, पुन्हा सांगतो. आधी नोटा बाहेर, मग रोखे विकून नोटा आत. कारखाने रिकामे होते, माणसं बेकार होती, म्हणून माल वाढला आणि महागाई भडकली नाही.

आपल्या शाळांत लढाया शिकवतात, खजिना शिकवत नाहीत, याचं मला फार वाईट वाटतं. पहिल्या बाजीरावांनी आपले गुरू ब्रह्मेंद्रस्वामी यांना लिहिलेल्या पत्रांत कर्जाची आणि सावकारांची चिंता आहे. मोहिमा त्या पत्रांसकट शिकवायला हव्यात. असो.

१९३५ उजाडलं. जपानचे कारखाने भरून चालले होते. बँकांना कर्ज घ्यायला उद्योजक मिळत होते, सरकारी रोखे घ्यायला त्या कचरू लागल्या. म्हणजे नोटा आत ओढायची वाट बंद होत चालली. ताकाहाशींनी ही खूण बरोबर ओळखली. यापुढे खर्च केला तर माल वाढणार नाही, भाव वाढतील. तेव्हा आता हात आखडता घ्यायचा. खेड्यांच्या कामांचा खर्च आधीच आटोपला होता. उरलं सैन्य. १९३१ मध्ये अर्थसंकल्पाच्या सुमारे तीस टक्के असलेला त्याचा वाटा आता निम्म्याकडे चालला होता. १९३६च्या अर्थसंकल्पावरून ताकाहाशींची सेनाधिकाऱ्यांशी खडाजंगी झाली.

२६ फेब्रुवारी १९३६. तोक्योत बर्फ पडलेलं. पहाटे तरुण अधिकारी शिपाई घेऊन आकासाकातल्या त्यांच्या घरात शिरले. वरच्या मजल्यावर ते झोपलेले होते. एक्याऐंशी वर्षांच्या त्या माणसावर गोळ्या झाडल्या, तलवारीचे वार केले. बंड चार दिवसांत मोडलं, पुढाऱ्यांना मृत्युदंड झाला. पण नव्या अर्थमंत्र्यांनी सैन्याला लावलेला लगाम सोडून दिला. जुलै १९३७ मध्ये चीनशी युद्ध पेटलं. शस्त्रं वाढली तसं तेल आणि भंगार लोखंड जास्त लागू लागलं, आणि ते मुख्यतः अमेरिकेतून यायचं. १९४१ मध्ये अमेरिकेने तेल तोडलं. डिसेंबरात पर्ल हार्बर. ताकाहाशींचं घर आजही तोक्योच्या खुल्या वास्तुसंग्रहालयात उभं आहे. तिकडे जाल तर वरचा मजला जरूर बघा.

आता आजचं. जून २०२५ मध्ये हेगला नाटो देशांनी ठरवलं की २०३५पर्यंत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्के संरक्षणाकडे, त्यातले साडेतीन थेट सैन्यासाठी. जर्मनीने तर त्याआधीच, मार्चमध्ये, संरक्षणाच्या खर्चासाठी राज्यघटनेतली कर्जमर्यादा सैल केली होती. पैसा मंजूर झाला म्हणून तोफगोळा लगेच येत नाही. १५५ मिलिमीटरच्या गोळ्याचं कवच घडवायचं, ते तापवून-निववून कणखर करायचं, लेथवर उतरवायचं, स्फोटक भरायचं, फ्यूज बसवायचा. कवचं लवकर वाढवता येतात. स्फोटक आणि प्रणोदक, म्हणजे गोळा तोफेबाहेर ढकलणारी दारू, बनवणारा कारखाना उभारायला वर्षं लागतात, आणि तोवर त्याच गोळ्याची किंमत चढते.

आपल्याकडे २०२५-२६चा संरक्षण अर्थसंकल्प ६ लाख ८१ हजार कोटींचा. त्यात निवृत्तिवेतन १ लाख ६० हजार कोटी, नवी सामग्री आणि बांधकामं यांचा भांडवली खर्च १ लाख ८० हजार कोटी. निवृत्तिवेतन बहुतेक गावच्या बाजारात जातं. परदेशी विमानाचे पैसे परदेशी कारखान्याला जातात. म्हणून फक्त एकूण आकडा ऐकू नका, कोणत्या खात्यात किती ते बघा. आणि लहान कारखानदाराचं बिल पंचेचाळीस दिवसांत द्यायचा कायदा आहे, तो संरक्षणाच्या पुरवठ्यात कसोशीने पाळलाच पाहिजे, कारण पैसा अडकला की दुसरी पाळी आधी बंद होते.

कारखाना मोठा झाला आणि घरची मागणी ओसरली की मालक निर्यातीकडे वळतो. २०२४-२५ मध्ये आपली संरक्षण निर्यात २३,६२२ कोटींची झाली. शस्त्र एकदा विकलं की सुटे भाग, दारूगोळा, प्रशिक्षण हा वर्षानुवर्षांचा संबंध जडतो आणि गिऱ्हाइकाचा शेजारी आपल्याकडे संशयाने बघू लागतो. पिनाक रॉकेट प्रणालीचं आरेखन आपल्या पाषाणच्या प्रयोगशाळेतलं. आर्मेनियाने ती घ्यायचा करार केला. जुलै २०२३ मध्ये आर्मेनियाचा शेजारी असलेल्या अझरबैजानने भारतीय राजदूतांपुढे या शस्त्रपुरवठ्याबद्दल आपली चिंता मांडली.

नमस्कार.