तीस वर्षं अडलेला पाठलाग

(सोलापुरात चित्रपटप्रेमींपुढे दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

मंडळी, बाहेर एवढं ऊन आणि विषयही वाळवंटाचाच. आयोजकांच्या मनात काय होतं, देव जाणे. पंखे चालू आहेत तोवर बोलून घेतो.

‘मॅड मॅक्स’ या ओसाड माळावरच्या गाड्यांच्या पाठलागांच्या ऑस्ट्रेलियन मालिकेतला तिसरा चित्रपट आला १९८५ साली आणि चौथा, ‘फ्युरी रोड’, २०१५ साली. मधे तीस वर्षं. एवढ्या काळात आपल्याकडे टॉकीज पाडून तिथं मंगल कार्यालय उभं राहतं. दिग्दर्शक मात्र चारही वेळा तोच, जॉर्ज मिलर. हा गृहस्थ शिकलेला डॉक्टर. सिडनीच्या रुग्णालयात अपघाताचे रुग्ण बघितलेला. त्याच्या सिनेमात गाडी आदळते तेव्हा आपल्या पोटात गोळा येतो, तो उगाच नाही.

‘फ्युरी रोड’ची कथा त्याला १९९०च्या दशकाच्या शेवटी सुचली. अख्खा चित्रपट म्हणजे एकच पाठलाग! संवाद नावापुरते. मग नेहमीसारखी पटकथा लिहून उपयोग काय? म्हणून त्यानं चित्रकार बसवले आणि प्रसंगामागून प्रसंग रेखाटून घेतला. सुमारे ३,५०० चौकटी झाल्या. माझं म्हणणं असं, की हा चित्रपट जगला तो या कागदांच्या जोरावर. कारण पुढं बाकीचं सगळं हातातून गेलं.

२००१मध्ये तयारी चालू होती, नायक ठरला होता जुनाच, मेल गिब्सन. सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कवर हल्ला झाला, ऑस्ट्रेलियन डॉलरपुढं अमेरिकन डॉलर घसरला आणि खर्चाचं गणित कोलमडलं. पुन्हा जुळवाजुळव केली तर २००३मध्ये इराकचं युद्ध. गाड्या आणि सामान जहाजानं आफ्रिकेतल्या नामिबियाला न्यायचं, त्यातच अडचणी उभ्या राहिल्या. मिलर गप्प बसला नाही. तो पेंग्विनांच्या नाचाचा ‘हॅपी फीट’ करायला गेला आणि त्यासाठी ऑस्कर घेऊन आला. माणूस अजब आहे.

मग नायक म्हणून टॉम हार्डी आणि नायिका म्हणून शार्लीझ थेरॉन आले. ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल गावाजवळचं लाल, ओसाड माळरान निवडलं. आणि तिथं पाऊस पडला. साधासुधा नव्हे, वर्षानुवर्षांत पडला नव्हता असा. माळ हिरवागार, वर रानफुलं! आपल्याकडं पावसाअभावी नवस बोलतात, इथं निर्माते पावसानं रडकुंडीला आले. शेवटी सगळा लवाजमा जहाजात घालून नामिबियाला हलवला. चित्रीकरण झालं २०१२मध्ये.

गाड्यांबद्दल बोललंच पाहिजे. कला-दिग्दर्शक कॉलिन गिब्सनच्या माणसांनी सुमारे १५० गाड्या बनवल्या, आणि त्या पळणाऱ्या. नायिकेचा अजस्र टँकर म्हणजे चेक बनावटीचा टाट्रा ट्रक, त्यावर जुन्या शेव्हरोलेचं अंग चढवलेलं. खलनायकाच्या गाडीत १९५९च्या दोन कॅडिलॅक एकीवर एक बसवल्या. आणि तो आग ओकणारा गिटारवाला आठवतोय ना? गिटार खरंच वाजायची आणि ज्वाळाही खरी निघायची. मिलरचा हट्टच तसा.

उंच खांबांवर झुलत पळत्या ट्रकवर झेपावणारी माणसं तुम्हांला संगणकाची करामत वाटली असतील. मिलरलाही तसंच करावं लागेल असं वाटत होतं. धावत्या गाड्यांवर ते जिवावरचं काम. साहसदृश्यांचा प्रमुख गाय नॉरिस यानं खांबाच्या बुडाशी वजन लावून तोल साधला आणि धावत्या गाडीवरचं चित्रीकरणच मिलरपुढं ठेवलं. आपल्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजाची उंच काठी पेलणारा माणूस ज्यानं जवळून बघितलाय, त्याला उंच काठीचा तोल कुठं राखावा लागतो हे सांगायला नको. फरक इतकाच, की इथं काठीच्या टोकावर माणूस होता आणि खाली ट्रक धावत होता. संगणकाची कामं नव्हती असं मात्र नाही. नायिकेचा हात तुटका दिसावा म्हणून नटीचा खरा हात पुसण्यापासून आकाश बदलण्यापर्यंत दोन हजारांच्या आसपास दृश्यांवर हात फिरलाय.

नटांचे हाल वेगळेच. दिवसभर वाळूत बसायचं आणि कॅमेऱ्यापुढं काही सेकंदांचे तुकडे द्यायचे. हार्डी आणि थेरॉनचं पटेना. पुढं कान महोत्सवात हार्डीनं मिलरची जाहीर माफी मागितली: तुझ्या डोक्यात काय चाललंय ते मला दिसत नव्हतं. कसं दिसणार? खर्च वाढतोय म्हणून स्टुडिओनं डिसेंबरमध्ये काम बंद करायला लावलं, तेव्हा तर खलनायकाच्या किल्ल्यात घडणारी सुरुवात आणि शेवट चित्रितच झाला नव्हता. ते काम २०१३च्या अखेरीस सिडनीत उरकलं.

खरी हमाली त्यानंतरची. ४८० तासांचं चित्रीकरण, म्हणजे डोळा न लावता बघितलं तरी वीस दिवस. ते पडलं संकलक मार्गारेट सिक्सेलच्या पुढ्यात. ती मिलरची बायको, आणि हाणामारीचा सिनेमा तिनं आधी कधी कापलेला नव्हता. मिलरला तीच हवी होती. पुरुषानं केलं असतं तर तो इतर मारधाडपटांसारखाच दिसला असता, असं त्याचं मत. दोन तासांत सुमारे २,७०० कट, तरी डोकं भणभणत नाही. का? छायालेखक जॉन सील, जो निवृत्ती सोडून आला होता, त्याला सांगून ठेवलं होतं की महत्त्वाची गोष्ट चौकटीच्या मधोमध ठेवायची. मग दृश्य बदललं तरी नजर शोधत फिरत नाही. घरी बघताना एकदा पडद्याच्या मध्यावर बोट धरून बघा. मला विचाराल तर या चित्रपटाला मिळालेल्या सहा ऑस्करांपैकी सिक्सेलचं सर्वांत घामाचं.

थेरॉनच्या पात्राची आधीची कहाणीही तेव्हाच लिहून तयार होती. तिच्यावरचा ‘फ्युरिओसा’ यायला मात्र २०२४ उजाडलं. मधे मिलरच्या कंपनीचं आणि स्टुडिओचं पैशावरून कोर्टात वाजलं होतं. तिकीटबारीवर ‘फ्युरिओसा’ आपटला. पण चित्रीकरण या खेपेला ऑस्ट्रेलियातच झालं, ब्रोकन हिलच्या भागातही.

चिठ्ठी आली आहे, वेळ संपला. प्रश्न असतील तर विचारा. फक्त पुढचा भाग कधी येणार, हे मला विचारू नका.