नैवेद्यानंतरची पहिली भाकरी

नमस्कार श्रोतेहो.

पौष चालू आहे. हे ऐकताना तुमच्यापैकी कुणी शाल ओढून चहाच्या दुसऱ्या कपाची वाट बघत असेल. कुणी रात्रभर गव्हाला पाणी भरून नुकतंच घरी आलं असेल. तुमच्यासाठी आधी एक सांगते. पाय कोरडे करा, बोटांच्या बेचक्यांतूनसुद्धा पुसा, मोजे घाला आणि मग निवांत ऐका. रात्रीच्या लाईटवर थंडीत दारं धरणाऱ्या, म्हणजे वाफ्यांत पाणी वळवणाऱ्या माणसाला दिवसाची वीज मिळायला हवी असं मला मनापासून वाटतं, आणि हे मी दर हिवाळ्यात बोलत राहणार आहे.

आज बोलायचंय थंडीतल्या सुखाबद्दल आणि स्वतःला जपण्याबद्दल. परवा शेजारच्या वहिनींनी मला विचारलं, "२२ डिसेंबरनंतर दिवस मोठा होतो म्हणतात, मग सकाळी उजाडायला उलट उशीर का होतोय?" प्रश्न अगदी बरोबर आहे. दिवस वाढतो, पण आधी संध्याकाळच्या अंगानं वाढतो. सूर्य मावळायला उशीर करू लागतो आणि उगवायलाही उशीरच करत राहतो. आपल्याकडे सगळ्यात उशिराचा सूर्योदय २२ डिसेंबरला होत नाही, तो जानेवारीच्या मध्याला होतो. नाशकाकडे तेव्हा सात वाजून दहा-बारा मिनिटं होतात. म्हणजे सकाळी उठवत नाही, अंगातला आळस जात नाही, तो काही तुमचा दोष नाही. बाहेर खरोखरच अंधार असतो. लहान मुलांच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, हे सरकारनं २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या वर्गांसाठी ठरवलं. मला तर वाटतं, थंडीच्या दोन महिन्यांत हे दहावीपर्यंत लागू करावं. असो, विषय दुसरा आहे.

तर ह्याच काळोख्या सकाळींमध्ये आपल्या लोकांनी धुंधुरमास बसवला. कुणी झुंझुरमास म्हणतं. सूर्य धनू राशीत असतो तो महिना, साधारण १६ डिसेंबरपासून संक्रांतीपर्यंत. त्यातल्या एखाद्या रविवारी पहाटे स्वयंपाक करायचा आणि सूर्य उगवला की जेवायला बसायचं. चहा-फराळ नाही, पूर्ण जेवण. तीळ लावलेली बाजरीची भाकरी, लोणी, मुगाची खिचडी, वांग्याचं भरीत. आयुर्वेद सांगतो की हेमंतात जाठराग्नी प्रबळ असतो आणि त्याला पुरेसं इंधन मिळालं नाही, तर तो शरीरातलाच रस आटवतो. रात्र लांब असते, पोट बारा-तेरा तास रिकामं राहतं, म्हणून उजाडताच गरम घास. एवढं तुम्हाला माहीत आहेच. मला सांगायचाय तो आमच्या घरचा एक धुंधुरमास.

साल १९७४. मी नऊ वर्षांची होते. निफाड तालुक्यात गोदाकाठी आमच्या आजोबांचं घर. त्यांना आम्ही आबा म्हणायचो. आज त्या भागात नजर जाईल तिकडे द्राक्षबागा दिसतात आणि थंडीच्या रात्री मणी तडकू नयेत म्हणून बागेत शेकोट्या पेटवतात. तेव्हा मात्र ऊस, गहू आणि कांदा. थंडी तीच. निफाडची थंडी ज्यानं सोसली आहे त्याला वेगळं सांगायला नको. पारा पाच अंशांच्या खाली उतरतो तिथं.

घरात आम्ही तेरा माणसं. आबा माळकरी, नियमाचे पक्के. सूर्य डोळ्यांनी दिसला पाहिजे, त्याला नैवेद्य दाखवला पाहिजे, मगच पहिला घास. आजी पहाटे चारला उठायची. आम्ही गोधडीत असायचो आणि अर्धवट झोपेत थापण्याचा आवाज यायचा. थप थप थप. तो आवाज आला की कळायचं, चूल पेटलीये, आता उठलं तरी ऊब मिळेल.

आणि आजी जेवायची सगळ्यांत शेवटी. हे आम्हाला कधी दिसलंच नव्हतं. म्हणजे डोळ्यांपुढे रोज घडत होतं, पण दिसत नव्हतं. तव्यावरची भाकरी फुगली की ती आबांच्या ताटात, मग काकांच्या, मग आम्हा पोरांच्या. परातीत उरलेल्या पिठाची एक चानकी व्हायची, ती आजीची. तीसुद्धा टोपलीत पडून राहायची. सगळ्यांचं झालं की ती ती गार चानकी भरताच्या पातेल्याला पुसून खायची, उभ्या उभ्या, एकीकडे निखारे विझवत.

त्या रविवारी धुकं पडलं. गोदाकाठचं धुकं म्हणजे हात लांब केला तर बोटं दिसत नाहीत असं. नदीच्या बाजूनं बदकांचा कलकलाट येत होता. नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्याचं पाणी तिथून लांब नाही, थंडीत चक्रवाक येतात तिकडे. पण दिसत काहीच नव्हतं. उजाडलं, सगळं पांढरं झालं, आणि सूर्याचा पत्ता नाही. ताटं मांडलेली. भाकऱ्या फडक्यात गुंडाळलेल्या. लोण्याच्या गोळ्यावर आमचे सगळ्यांचे डोळे. आबा ओसरीत उभे, पूर्वेला तोंड करून.

आजीच्या हाताला करण्यासारखं काहीच उरलं नाही. वाढायचं नाही, कारण सूर्य नाही. थापायचं नाही, कारण झालेल्या गार होतील. ती चुलीजवळच्या भिंतीला टेकून बसली. चुलीमुळे ती भिंत उबदार असायची, मांजर तिथंच झोपायचं. आजी बसली, पदर पायांवर ओढला, आणि बसल्या बसल्या तिला झोप लागली. चारपासून राबणारी बाई. मान एका खांद्यावर कलली, हात मांडीवर, हाताला अजून पीठ.

आणि तेवढ्यात धुकं विरळ झालं. ताकात लोण्याचा गोळा तरंगावा तसा सूर्य दिसला. माझा धाकटा चुलतभाऊ ओरडणारच होता. आबांनी वळून त्याच्याकडे पाहिलं, मग स्वयंपाकघराच्या दारातून आत पाहिलं, आणि ओठांवर बोट ठेवलं.

श्रोतेहो, सूर्य उगवला होता, ताटं मांडली होती, आणि तेरा माणसांच्या घरात कुणी हललं नाही. आबांनी अंगणात जाऊन नैवेद्य दाखवला, गाईला घास दिला, सगळं चपला न घालता, आवाज न करता. धाकट्याला भूक आवरेना, तो मुसमुसायला लागला. आबांनी गुळाचा खडा आणून त्याच्या तोंडात ठेवला आणि त्याला कडेवर घेऊन अंगणात फिरत राहिले. सूर्य कासराभर वर आला. आम्ही तिथंच. मला आठवतंय, मी त्या सगळ्या वेळात आजीच्या टाचा बघत होते. पदराखालून बाहेर आलेल्या. इतक्या खोल भेगा की आत माती काळी होऊन बसलेली. नऊ वर्षं मी त्या बाईच्या कुशीत झोपत होते आणि तिच्या टाचा मी पहिल्यांदा पाहत होते.

आजीला जाग आली ती उन्हानं. खिडकीतून तिरीप चेहऱ्यावर पडली. ती धडपडून उठायला लागली. "अगं बाई, कधी उगवला? पोरं उपाशी! उठवलं का नाही मला?"

आबा म्हणाले, "आत्ताच उगवला."

मग त्यांनी काकूला सांगितलं, "तवा तापव. नैवेद्य झाला, गाईचा घास झाला. आता पहिली भाकरी हिची."

आजी म्हणाली, "आधी पोरं."

आबा म्हणाले, "पोरं इतका वेळ थांबली, आणखी चार घास थांबतील."

काकूनं भाकरी थापली, वरून तीळ दाबले, तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, मग निखाऱ्यावर उभी केली. टम्म फुगली. ती आजीच्या ताटात पडली. काकूनं पापुद्रा फोडला, आतून वाफ आली, आणि तिथं लोण्याचा गोळा ठेवला. तो जागच्या जागी विरघळला. आजीनं घास मोडला, खाल्ला. आम्ही सगळे तिच्या तोंडाकडे बघत होतो.

ती म्हणाली, "अगं बाई. अशी लागते होय?"

पंचेचाळीस-पन्नास वर्षं भाकऱ्या थापल्या होत्या तिनं. माहेरी थापल्या, सासरी थापल्या. निखाऱ्यावरून उतरलेली भाकरी कशी लागते हे तिला त्या दिवशी कळलं.

त्या दिवसापासून आमच्या घरात नियम झाला. नैवेद्यानंतरची पहिली भाकरी थापणारीची. काकू थापत असेल तर काकूची, आई थापत असेल तर आईची. आबा नियमाचे पक्के होते हे मी सांगितलंच. हाही त्यांनी तसाच पाळला, शेवटपर्यंत.

वेळ थोडा उरलाय, म्हणून बाकीचं भरभर सांगते.

एक, टाचा. त्या दिवशी संध्याकाळी आईनं आजीचे पाय कोमट पाण्यात ठेवले, वजरीनं हलके घासले आणि कोकमाचं तेल लावलं. कोकणातून कुणीतरी आणलेला गोळा होता. थंडीत ते तेल गोठलेलंच असतं, वाटीत जरा गरम करायचं, भेगांत भरायचं, वर सुती मोजे. पाणी कोमट हं, कढत नाही. कढत पाणी त्वचेतलं तेल काढून नेतं आणि अंग जास्तच फुटतं. ज्यांना मधुमेह आहे त्यांनी पाण्याचा अंदाज पायानं घेऊ नये, कोपरानं घ्यावा, कारण पायाला भाजलेलं कळत नाही. आणि भेगेतून रक्त येत असेल तर घरगुती उपाय थांबवा, डॉक्टरांना दाखवा.

दोन, ऊन. सकाळी थोडा वेळ उन्हाकडे पाठ करून बसा. हातात काही काम नको. शेंगा सोलायच्या नाहीत, लसूण निवडायचा नाही. नुसतं बसा. आजीला धुकं पडलं म्हणून बसायला मिळालं. तुम्ही धुक्याची वाट बघू नका. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना पहाटेच्या अंधारात फिरायला पाठवू नका, ऊन पडल्यावर जाऊ दे. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात, रक्तदाब वाढतो. गोळ्या चुकवायच्या नाहीत. आणि पाणी. तहान लागत नाही म्हणून पाणी प्यायचं राहून जातं. तांब्या जवळ ठेवा.

तीन, हे नीट ऐका. कोळशाची शेगडी दारं-खिडक्या बंद करून खोलीत ठेवून झोपू नका. त्यातून कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, त्याला वास नाही, रंग नाही, झोपेतून माणूस उठतच नाही. पुन्हा सांगते. बंद खोलीत शेगडी नको. ऊब हवी तर गोधडी आहे. जुन्या लुगड्यांच्या थरांवर धावदोऱ्यानं शिवलेल्या गोधडीइतकं मऊ, उबदार काही नाही, आणि ती शिवणाऱ्या बाया अजून आपल्या गावांत आहेत. त्यांना काम द्या, चांगले पैसे द्या. घासाघीस करू नका, एका गोधडीमागे कित्येक दिवसांचं बसणं असतं.

आता भोगी जवळ आलीये, संक्रांतीच्या आदल्या दिवशी. भोगीच्या भाजीत काय काय पडतं ते मी तुम्हाला काय सांगणार. हरभरा, पावटा, गाजर, वांगी, बोरं, उसाचे करवे, ज्याच्या त्याच्या घरची रीत. फक्त बाजरीचं पीठ ताजं दळून आणा. ते लवकर कडवट होतं, महिनाभराचं दळून ठेवायचं पीठ नव्हे ते. पीठ गरम पाण्यात भिजवा, भरपूर मळा, मग थापताना चिरा पडत नाहीत. तीळ वरच्या अंगाला ओल्या हातानं दाबा, म्हणजे तव्यात झडत नाहीत.

आणि नैवेद्याचं पान वाढून झालं की पुढची जी भाकरी फुगेल, ती थापणारीला आधी द्या. ती "नंतर खाते" म्हणेल. तवा जरा वेळ खाली उतरवा आणि तिला बसवा.

नमस्कार.