जिंदोबरी

[विमानतळ. सिक्युरिटीचा ट्रे सरकत येतो, त्यात एक स्टीलचा डबा]

हा डबा बघा. ह्यात पावशेर चटणी आहे, कांदा-लसूण, आईनं उन्हाळ्यात डंकावर नंबर लावून कांडून आणलेली. ह्या डब्यानं दोन वर्षांत नऊ देश बघितलेत, माझ्या पप्पांनी अजून गोव्याच्या पुढं काही बघितलेलं नाही. सिक्युरिटीवाल्यानं झाकण उघडलं, वास घेतला, तीनदा शिंकला आणि हातानंच जा म्हणाला. मी खूश. पण पुढं गेटवर बॅग मापाच्या पिंजऱ्यात बसंना, दोन बोटं वर राहिली, आणि एकोणीस युरोच्या तिकिटावर पन्नास युरो दंड भरून मी विमानात बसलो. कंपनीचं नाव घेत नाही, सगळ्या तसल्याच. तेव्हापासून विमान बंद, बस नाहीतर रेल्वे.

हां, आणि एक आधीच सांगून ठेवतो. मी मुलगी आहे आणि मी 'गेलो', 'आलो', 'बसलो' असंच बोलतो. कोल्हापुरात आमच्यात असंच बोलतात. माझी रूममेट पुण्याची, ती पहिले सहा महिने मला 'गेले म्हण गं, गेले' करत होती, आता तीच कधीकधी 'आलो आलो' म्हणून दार उघडायला पळते.

[फ्रायबर्ग, सकाळ, दगडी रस्ता, धुकं]

हे फ्रायबर्ग. जर्मनीत, ड्रेस्डेनच्या जवळ, छोटंसं गाव. इथं ११६८ साली चांदी सापडली आणि त्यावर अख्खं गाव उभं राहिलं, आणि १७६५ साली इथं खाणकाम शिकवायची अकादमी निघाली, तीच आता माझी युनिव्हर्सिटी. इंडियम आणि जर्मेनियम ही दोन मूलद्रव्यं इथंच सापडली, १८६३ आणि १८८६ साली. त्यातल्या इंडियमचं नाव निळीच्या रंगावरून, आणि निळीचं तिकडचं नाव भारतावरून, म्हणजे फिरून फिरून आपणच. मी इथं कशाला आलो तर पप्पा शिरोलीच्या एमआयडीसीत फाउंड्रीत आहेत, लहानपणापासून घरात मोल्डिंग, कोअर, स्क्रॅप हेच शब्द, आणि इथं कास्टिंग, म्हणजे धातूचं ओतकाम, शिकवतात. पप्पांना फ्रायबर्ग कुठं आहे ते माहीत नव्हतं पण त्यांच्या साहेबाला माहीत होतं, तेवढ्यावर लोन पास झालं असं समजा.

आता वीकेंडचं गणित. शुक्रवारी दुपारी लॅब संपते. रविवारी जर्मनीत दुकानं बंद, म्हणजे कडकडीत बंद, आपल्याकडं कोल्हापूर बंदच्या दिवशीपण एखादं शटर अर्धं वर असतं, इथं तेपण नाही. मग खोलीत बसून भिंती बघण्यापेक्षा फिरलेलं बरं. मी २०२३ च्या ऑक्टोबरला आलो तेव्हा महिन्याला ४९ युरोचा एक पास होता, अख्ख्या जर्मनीत लोकल गाड्या, ट्राम, बस, कायपण चालतं, फक्त फास्ट गाडीत बसायचं नाही. जानेवारी २०२५ ला तोच ५८ झाला. आणि जर्मनीचं रेसिडन्स कार्ड खिशात असलं की शेंगेनमधल्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येतं अशा युरोपातल्या, बाकीच्या देशांत दर १८० दिवसांत ९० दिवस फिरता येतं, वेगळा व्हिसा नको. पैसे कुठून? मेन्सामध्ये, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या कँटीनमध्ये, भांडी घासून, आणि बाटल्या. प्लास्टिकची रिकामी बाटली मशीनमध्ये टाकली की २५ सेंट परत मिळतात, होस्टेलच्या पार्ट्या झाल्या की दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि पुणेकरीण पोतं घेऊन. लाज वगैरे काही नाही, प्राग अशाच बाटल्यांवर झालंय.

[भराभर फोटो: प्राग, व्हिएन्ना, बुडापेस्ट, अ‍ॅमस्टरडॅम]

ही शहरं मी पटापट दाखवतो कारण मीपण पटापटच बघितली. प्रागचं १४१० चं घड्याळ, तासाला बाहुल्या फिरतात, खाली हजार मोबाईल वर. व्हिएन्नात राजवाडा, बुडापेस्टला नदी, अ‍ॅमस्टरडॅमला पाऊस. रोमला कोलोझियमपुढं उभा राहिलो आणि पहिला विचार काय आला तर खासबाग! शाहू महाराजांनी हेच बघून कुस्तीचं मैदान बांधलं असं आमच्याकडं शेंबडं पोरगंपण सांगतं. तो फोटो घरी टाकला तर पप्पांचा रिप्लाय, 'आपलं बरं आहे, आपल्यात अजून कुस्त्या होतात.' पण खरं सांगायचं तर सातव्या-आठव्या शहरानंतर चर्च आणि चौक एकमेकांत मिसळायला लागतात, फोटो बघून कुठलं कुठलं ते ओळखू येत नाही.

मग एका रविवारी पप्पांनी फोनवर विचारलं, 'फ्लोरेन्स लांब आहे का गं तिथनं? तिथं आपल्या महाराजांची छत्री आहे.'

[फ्लोरेन्स. नदीकाठची झाडं, सकाळ]

३० नोव्हेंबर २०२४ ला शनिवार होता. मी मुद्दाम तोच धरला. शुक्रवारी दुपारी निघून म्युनिक, म्युनिकहून रात्रीची बस, आल्प्सच्या ब्रेनर घाटातनं खाली इटलीत. घाटात जाग आली तर बाहेर बर्फ, आणि मला उगाच आंबा घाट आठवला, बर्फाचा आणि आंब्याचा संबंध काय कुणास ठाऊक. फ्लोरेन्सला सगळे डुओमोकडं, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चकडं, वळतात, मी उलट्या दिशेला. कासीने नावाची बाग आहे, आर्नो नदीच्या कडेकडेनं तीनेक किलोमीटर पसरलेली, तिच्या अगदी शेवटच्या टोकाला जायचं. चालत गेलो. सायकलवाले, कुत्रीवाले, एक म्हातारा बाकावर पेपर वाचत. त्याला फोनवरचा फोटो दाखवला तर म्हणाला, 'आ, लिंदियानो!' आणि हात सरळ पुढं. लिंदियानो म्हणजे तो भारतीय. दीडशे वर्षं झाली, तो सगळा भाग त्याच नावानं ओळखतात, शेजारी १९७८ चा मोठा पूल आहे त्याचंपण नाव तेच.

आणि मग ती छत्री. चार खांब, वर घुमट, आत अर्धपुतळा. पण पांढरा नाही. इटलीत बघावं तिकडं पांढरे संगमरवरी पुतळे आणि हा रंगवलेला, सावळा चेहरा, डोक्याला पागोटं, गळ्यात दागिने. आणि चेहरा एवढा पोरगेला की मी तिथंच थांबलो. माझ्या वर्गात बसला असता.

हे राजाराम महाराज, कोल्हापूरचे छत्रपती. १८७० साली ते विलायतेला गेले, राणी व्हिक्टोरियाला भेटले, रोजची डायरी इंग्रजीत लिहीत होते, ती नंतर लंडनमध्ये छापूनपण आली. परतताना वाटेत तब्येत बिघडली आणि ३० नोव्हेंबरला इथं फ्लोरेन्समध्ये गेले. वय वीस. बरोबरच्या लोकांनी सांगितलं की दहन व्हायला पाहिजे, आणि तेपण नदीच्या संगमावर. इटलीत तेव्हा असलं काही होत नव्हतं, खास परवानगी काढावी लागली, आणि आर्नोला मुन्योने नावाची छोटी नदी जिथं मिळते तिथं रात्री चिता पेटली. चार वर्षांनी, १८७४ ला, त्याच जागेवर ही छत्री. पुतळा फुलर नावाच्या इंग्रज शिल्पकाराचा. छत्रीचं डिझाइन मेजर मँटचं, आणि मँट म्हणजे कोण तर ज्यानं आपला टाऊन हॉल काढला, सीपीआर म्हणजे सरकारी दवाखाना काढला, नवा राजवाडा काढला तोच. आमच्याकडं सीपीआरला कोण अ‍ॅडमिट नव्हतं असं घर नाही, त्या कमानीखाली डबा घेऊन किती रात्री बसलोय आम्ही. आणि तोच माणूस इथं.

मी खाली संगमावर गेलो. पाणी गढूळ, कडेला बांबूसारखं काहीतरी वाढलेलं, वर पुलावरनं गाड्यांचा आवाज. पंचगंगेच्या घाटावर असतं तसं काहीच नाही, दिवा नाही, पायरी नाही, घंटा नाही. फुलं घ्यायची विसरलो होतो. मग पिशवीतला डबा काढला, चिमूटभर चटणी… नाही नाही, टाकली नाही, असला येडेपणा नाही केला, नुसतं बाकावर बसून ब्रेडबरोबर खाल्ली. बाकी काय करणार होतो.

[गॉर्लिट्झ. नदीवरचा पायी जायचा पूल]

आता आज्जीची गोष्ट. आज्जीचं माहेर वळिवडे. जन्मतारीख कागदावर १ जून, म्हणजे शाळेत मास्तरांनी घातलेली. आमच्या आज्जीला सकाळी कोण दारात आलं की ती म्हणते, 'जिंदोबरी!' दूधवाला आला, जिंदोबरी. आम्ही नातवंडं उठून आलो, जिंदोबरी. आम्हाला वाटायचं काहीतरी लाडाचा शब्द असणार, अरेबरेसारखा. कुणी कधी विचारलं नाही.

गॉर्लिट्झ हे जर्मनीतलं अगदी पूर्वेचं शहर, आमच्या पासवर जाता येतं. १९४५ नंतर नदीच्या अलीकडचं जर्मनीत राहिलं आणि पलीकडचं पोलंडमध्ये गेलं, त्याचं नाव झगोझेलेत्स. मधे पायी जायचा पूल आहे, २००४ साली परत बांधला, शंभर पावलं टाकली की देश बदलतो. फेब्रुवारीतली सकाळ, बोटं सुन्न, मी पलीकडं गेलो आणि पहिली बेकरी दिसली तिच्यात शिरलो. काउंटरमागं पांढऱ्या टोपीतली बाई. तिनं वर बघितलं आणि म्हणाली,

'जेन् डोब्री.'

मी म्हटलं काय? तिला वाटलं ऐकू आलं नाही, तिनं परत हसून म्हटलं, 'जेन् डोब्री.'

मी काही न घेता बाहेर आलो. परत आत गेलो, दोन पाँचकी घेतले, म्हणजे आतनं जॅम भरलेले गोल तळलेले गोळे, ते हातात गार झाले आणि मी पुलावर उभा राहून घरी फोन लावला. तिकडं दुपार. आज्जी जेवून आडवी झालेली. म्हटलं आज्जी, जिंदोबरी कुठनं शिकलीस? ती म्हणाली, 'कुठनं म्हणजे? कॅम्पातनं की.'

मला कॅम्पाचं माहीत होतं, महावीर गार्डनमधलं पोलंडवाल्यांचं स्मारक येताजाता बघितलंय, पण आज्जी त्यात आहे हे माहीत नव्हतं. १९३९ ला पोलंडवर दोन्हीकडनं हल्ला झाला, रशियानं लाखो लोक उचलून सायबेरियात टाकले, तिथनं सुटलेले इराणमार्गे इकडं आले, आणि १९४३ ते १९४८ वळिवड्यात जवळपास पाच हजार पोलिश लोक राहिले, बहुतेक बायका आणि पोरं. त्यांची शाळा, चर्च, दवाखाना, नाटकं, सगळं तिथं. ते गेल्यावर त्याच बराकीत फाळणीतले सिंधी आले आणि त्याचं झालं गांधीनगर, जिथं आख्खा जिल्हा लग्नाचा बस्ता बांधतो. आज्जीचे वडील कॅम्पात दूध घालायचे आणि आज्जी सहा-सात वर्षांची, परकरातली, मागं किटली धरून. बायका दारात येऊन म्हणायच्या ते हे. आज्जीला त्याचा अर्थ माहीत नव्हता. तिला वाटायचं त्यांच्यात दुधाला जिंदोबरी म्हणतात.

म्हटलं, नमस्कार म्हणतात गं, सकाळचा. ती जरा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, 'मग बरोबरच म्हणत होतो की मी.'

[वॉर्सा. मोंते कासिनोच्या स्मारकाजवळची पाटी]

मार्चमध्ये वॉर्साला गेलो, रात्रभर बसनं. इथं मोंते कासिनोच्या, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात पोलिश सैनिक इटलीत लढले त्या लढाईचं स्मारक आहे आणि त्याच्याजवळ २०१७ साली लावलेली वळिवडे-कोल्हापूर कॅम्पाची पाटी. २०२४ च्या ऑगस्टला पंतप्रधान मोदींनी इथं फुलं वाहिली तेव्हा घरी टीव्हीवर सगळ्यांनी बघितलेली. ह्यावेळी मी फुलं आणली होती, ट्युलिप, दुसरं काही मिळालं नाही. व्हिडिओ कॉल लावला, कॅमेरा पाटीवर धरला. पप्पा चष्मा लावून वाचायला लागले, आई म्हणाली हात हलवू नको. आज्जी जवळ येऊन बघत बसली, तिला त्यावरचं वाचता येत नाही.

मग म्हणाली, 'तिथं कोण हाय का त्यांच्यातलं?'

म्हटलं आज्जी, रस्ता आहे गं, लोक जातायत-येतायत.

'मग सांग कुणालातरी. जाताना त्या बाईची किटली आपल्याकडंच ऱ्हायली म्हणावं. माझ्या बानं दुसऱ्या दिवशी नेली तर बराक मोकळी.'

[कोल्हापूर. माडीवरची फळी. पांढरी इनॅमलची किटली, निळा काठ, तळाला टवका उडालेला]