व्हर्च्युअल मशीनचं बिऱ्हाड हलवताना

व्हर्च्युअल मशीन म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभा केलेला दुसरा कॉम्प्युटर. आज मी लिनक्सवरचं केव्हीएम (अशी मशीन्स चालवणारी लिनक्समधली सोय) आणि लिबव्हर्ट (ती सांभाळणारं साधन) धरून बोलणार आहे. मशीन हलवायचं म्हणजे डिस्कची फाइल उचलून दुसरीकडे ठेवायची, असं बरेच जण धरून चालतात. पण मशीनची व्याख्या वेगळ्या एक्सएमएल फाइलमध्ये असते, तिच्यात डिस्कचा पूर्ण पाथ लिहिलेला असतो, आणि यूईएफआयवर (बायोसच्या जागी आलेलं नवं फर्मवेअर) चालणाऱ्या मशीनची एनव्हीरॅम फाइल, म्हणजे बूटच्या सेटिंग्जची फाइल, तिसरीकडेच.

उभारणीपासून सुरुवात करू. १०० जीबीची क्यूकाऊ२ डिस्क (लागेल तशी वाढणारी डिस्क-फाइल) बनवली तर सुरुवातीला ती काही शे केबीच जागा घेते. आत लिहिलं जाईल तशी फुगते. अशी दहा मशीन्स ५०० जीबीच्या स्टोरेजवर आरामात बसल्यासारखी वाटतात. स्टोरेज भरलं की मात्र क्यूईएमयू, म्हणजे मशीन प्रत्यक्ष चालवणारा प्रोग्राम, मशीनला पॉजमध्ये टाकतं. आतल्या सिस्टीमला डिस्क निम्मी रिकामी दिसत असते, त्यामुळे लोक भलतीकडेच शोधत बसतात. विंडोज टाकताना डिस्क व्हर्टिओ प्रकारची (व्हर्च्युअल मशीनसाठीच बनवलेली वेगवान जोडणी) असेल तर व्हर्टिओ ड्रायव्हरची आयएसओ दुसऱ्या सीडीला जोडा, नाहीतर इन्स्टॉलरला डिस्कच दिसणार नाही.

आता हलवणं. सगळ्यात जास्त घोळ होतो तो स्नॅपशॉटमुळे, म्हणजे डिस्कची त्या क्षणाची स्थिती जपून ठेवल्यामुळे. एक्स्टर्नल (वेगळ्या फाइलचा) स्नॅपशॉट घेतला की मूळ फाइल गोठते आणि नवं लेखन वरच्या फाइलमध्ये जातं. एकटी वरची फाइल नेली तर मशीन सुरूच होत नाही. त्याहून वाईट म्हणजे मूळ फाइल कुणी स्वतंत्रपणे सुरू केली, की वरच्या फाइलमधला डेटा बिघडलाच म्हणून समजा. म्हणून आधी ‘क्यूईएमयू-आयएमजी इन्फो’ला बॅकिंग-चेनचा पर्याय देऊन एकमेकींवर टेकलेल्या या फाइलींची साखळी किती लांब आहे ते बघा.

थोडा वेळ मशीन बंद ठेवणं परवडत असेल तर ते नीट शटडाउन करा. मेमरीसकट सेव्ह करून थांबवलेलं चालणार नाही. मग ‘क्यूईएमयू-आयएमजी कन्व्हर्ट’ चालवा. साखळी सपाट होऊन एकच फाइल मिळते. इंटर्नल (त्याच फाइलच्या आत ठेवलेले) स्नॅपशॉट मात्र त्यात येत नाहीत. रॉ फाइल (डिस्क जशीच्या तशी ठेवणारी साधी फाइल) एससीपी या कॉपीच्या कमांडने पाठवली तर रिकामी जागासुद्धा शून्यांनी भरून जाते; तिथे आरसिंक या कमांडचा स्पार्स (रिकामी जागा रिकामीच ठेवणारा) पर्याय वापरा. नंतर ‘व्हर्श एडिट’ने (व्हर्श ही लिबव्हर्टची कमांड) एक्सएमएलमधला पाथ बदला.

एवढं करूनही ‘परमिशन डिनाइड’ आलं तर नुसत्या फाइलच्या परवानग्या बघून भागत नाही. वरच्या प्रत्येक फोल्डरमध्ये क्यूईएमयूच्या युजरला शिरता आलं पाहिजे. होम फोल्डरमध्ये ठेवलेल्या डिस्क इथेच अडतात. एसईलिनक्स (लेबलं बघून प्रवेश देणारी लिनक्सची सुरक्षा यंत्रणा) असेल तर नव्या जागेला ‘व्हर्ट इमेज’चं लेबल द्या आणि ‘रिस्टोअरकॉन’ चालवा.

मशीन चालू ठेवूनच हलवायचं असेल तर ‘व्हर्श ब्लॉककॉपी’, सोबत पिव्हट (कॉपी पूर्ण झाली की मशीनला नव्या फाइलवर वळवणारा पर्याय). नवं स्टोरेज संथ आणि आतलं लेखन जोरात असेल तर कॉपी मागेच राहते, म्हणून हे काम कमी गर्दीच्या वेळी करावं. झाल्यावर कायमस्वरूपी व्याख्येतही नवा पाथ आला आहे ना, तेही तपासा. नाहीतर पुढच्या बूटला मशीन जुन्याच डिस्कवर उठेल. जुनी फाइल लगेच पुसू नका; नाव बदलून ठेवा आणि मशीन एकदा पूर्ण बंद करून नव्या जागेवरून उठतं आहे हे बघितल्यावरच काढा.