जर्मनच्या तासाला मराठी

संध्याकाळचा फर्ग्युसन रोड, आणि ही रानडे इन्स्टिट्यूट. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषांचा विभाग इथे आहे, जर्मन, फ्रेंच, रशियन, स्पॅनिश, जपानी, जे पाहिजे ते शिका. बॅचमधे कोण बसलंय बघा, कोणाला मास्टर्सला जर्मनीला जायचंय, कोणाच्या कंपनीत जपानी क्लायंट आलाय, म्हणजे विशी-पंचविशीत येऊन, नोकरी सांभाळून 'माझं नाव अमुक, मी पुण्यात राहतो' पासून श्रीगणेशा.

मग शाळेत शिकवत नाहीत का? शिकवतात की. बऱ्याच इंग्लिश मीडियम शाळांत आठवीला ऑप्शन असतो, संस्कृत, फ्रेंच नाहीतर जर्मन, आणि घराघरात चर्चा एकच, स्कोरिंग काय आहे. तीन वर्षं पोरगं गाईड पाठ करतं, मार्कही रग्गड पाडतं, आणि दहावीनंतर समोर खराखुरा जर्मन माणूस आला की ततपप.

आता रानडेतल्या जर्मनच्या वर्गातला फळा बघा. तीन रकाने, देअर, दी, दास, म्हणजे नामाच्या लिंगाप्रमाणे बदलणारा जर्मनचा 'द'. इंग्लिशमधून शिकवलं तर हे डोक्यात शिरायला वेळ लागतो कारण इंग्लिशमधे सगळ्याला एकच 'द'. मराठी पोराला सांगा, अरे तो-ती-ते, संपलं! पुस्तक तर तिकडेही 'ते'च. सूर्य मात्र 'ती' आणि चंद्र 'तो', यावर वर्ग हसतो आणि हसला की लक्षातही राहतं. जपानीचं तर विचारूच नका. 'तोक्यो नि इकिमास', म्हणजे तोक्योला जातो, आपला 'ला' जिथे लागतो तिथेच त्यांचा 'नि', क्रियापद पण आपल्यासारखंच शेवटी. आणि आपण काय करतो, हे सगळं आधी इंग्लिशमधे उलटंपालटं करतो आणि मग शिकवतो. का, तर परकीय भाषा म्हणजे इंग्लिश मीडियमवाल्यांचं काम असं आपणच ठरवून टाकलंय.

2024 साली राज्य सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेमबर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला. नर्स, ड्रायव्हर, इलेक्ट्रिशियन. यातली किती पोरं इंग्लिश मीडियमची असणार, सांगा बरं? आणि जायचं तर आधी जर्मन आलं पाहिजे, म्हणजे परत क्लास आणि परत फी.

त्यापेक्षा महापालिकेच्या आणि मराठी शाळांत पाचवीपासून सुरू करा ना, आठवड्याला दोन-तीन तास, मराठीतून, आणि पहिली दोन वर्षं परीक्षाच नको, नुसतं बोलणं, गाणी, भांडणं सुद्धा चालतील. शिकवायला माणसं कुठून आणायची? रानडेतून दरवर्षी बाहेर पडतातच की, फक्त त्यांना तासिका तत्त्वावर राबवून घेऊ नका, नीट पगार द्या.